पिपा बंद करा, लाईव्ह आहे

आमच्या चॅनेलमध्ये माझ्या कानाला सगळे वचकून असतात, आणि असायलाच पाहिजे. मी वरोऱ्याची. घरामागे कापसाची जिनिंग मिल, त्या घरघरीतच झोपून मोठी झाले. मशीनच्या कल्ल्यातून माणसाचा आवाज वेगळा कसा काढायचा, हे मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. लाईव्ह चालू असताना मागे जनरेटर घुरघुरू दे, ट्रॅक्टर फटफटू दे, वारा सुटू दे. मी मिक्सरच्या दोन खुंट्या फिरवते आणि घरी बसलेल्याला फक्त बोलणारा ऐकू येतो. नागपूरचे साहेब विचारतात, जंगलातून इतका साफ आवाज येतो कसा? कसा म्हणजे? मी आहे ना इथं!

एकच आवाज मला गाळता येत नाही, पत्र्याचा. तो जाड-बारीक सगळ्या सुरांत घुसतो. त्याला काढायला गेलं की बोलणाऱ्याचा गळाच आवळला जातो.

दोन वर्षांपूर्वी, मोहाच्या दिवसांत, आरमोरीकडच्या एका गावातून लाईव्ह होतं. आम्ही तिघं: रिपोर्टर, कॅमेरावाला आणि मी. गावाला लागून वाघानं गाय मारली होती, तरी बाया पहाटेच मोहफुलं वेचायला आत गेलेल्या. मोह काय वाघासाठी थांबतो? नऊच्या सुमारास पोचलो, तर गावाच्या टोकाला एक म्हातारबाबा तेलाचा रिकामा पिपा काठीनं बडवत बसलेले. ढण्, ढण्, ढण्. मग थांबायचे, कान द्यायचे. रानातून एका बाईची "कूऽऽ" यायची, की पुन्हा ढण् ढण्.

"बाबा, पिपा बंद करता का? लाईव्ह आहे," मी म्हटलं.

"माही बुढी आत हाय, पोरी. बाकीच्या आल्या वापस. हिले कमी दिसते. पिप्याच्या आवाजावरच येते ते."

"पाचच मिनिटं, बाबा. आताच कूक आली ना? जवळच आहेत त्या. माझा कान चुकत नाही."

बाबांनी माझ्या डोक्यावरच्या हेडफोनकडे बघितलं. एवढं मोठं यंत्र कानाला लावलेली बाई खोटं कशाला सांगेल, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी काठी खाली ठेवली.

पण स्टुडिओची पाच मिनिटं कधी पाच असतात का? "आलो, आलो" करत त्यांनी पंधरा घालवली. मग एकदाचं सुरू झालं. रिपोर्टर बोलत होता, मी बांबूला बांधलेला लांब माईक त्याच्या तोंडासमोर धरून उभी. काय साफ आवाज! मी स्वतःवरच खूश होते. तेवढ्यात कोणीतरी माझी बाही ओढली.

"आवाज दूर चालला तिचा," बाबा म्हणत होते. "आता तं येऊनच नाई राह्यला."

त्यांना इतका वेळ जे ऐकू येत होतं, ते माझ्या कानावर आलंच नव्हतं. मीच तर सगळं गाळून बसले होते.

मी माईक रिपोर्टरसमोरून काढला आणि सरळ रानाकडे वळवला. आवाज घेणारा तो एकच होता. टीव्हीवर रिपोर्टर मुका झाला आणि माझ्या कानात स्टुडिओ बोंबलायला लागला, "आवाज गेला! अगं, काय करून राह्यली तू?" पुढं त्याचा मेमोही आला. येऊ दे. मी वारा कापला, जनरेटर कापला, माईक हळूहळू फिरवत गेले. नुसती पानं. पुन्हा पानं. आणि मग डावीकडे, नाल्याच्या अंगाला, केसाएवढी बारीक "कूऽऽ".

मी हेडफोन काढून बाबांच्या कानाला लावला. त्यांनी श्वासच धरला. मग एकदम माईक ओढून तोंडाशी घेतला आणि ओरडले, "अवोऽ! उभी राय तिथीच! हलू नोको! मी येऊन राह्यलो!"

ज्यातून ती आपल्याला ऐकू येते, त्यातूनच आपणही तिला ऐकू जाणार, असा त्यांचा सरळ हिशेब. तिला काय जाणार, कपाळ! घरोघरच्या टीव्हीत मात्र गेलं सगळं. मी काही त्यांना समजावत बसले नाही. बोटानं दिशा दाखवली. बाबा, दोन-चार गावकरी आणि गायीच्या पंचनाम्याला आलेला वनरक्षक नाल्याकडे पळाले. मी माईक कॅमेरावाल्याच्या हातात कोंबला, पिप्यापाशी बसले आणि बडवायला लागले. लाईव्ह चालू होतं की बंद, देव जाणे. हाताला फोड आले तरी थांबले नाही.

अर्ध्या तासानं बाईंना आणलं. पाय मुरगळलेला, हातांवर काट्यांचे ओरखडे. मोहाची टोपली बाबांच्या डोक्यावर. बाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी नवऱ्यालाच धरलं.

"पिपा काऊन बंद केला जी तुमी? मले वाटलं, मीच उलटी चालून राह्यली. म्हून वापस फिरली, अन् अजूनच आत गेली."

बाबा डोक्यावरची टोपली उतरवायला लागले. माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. नाही घेतलं.

"मी बंद करायला लावला, बाई," मी म्हटलं. "टीव्हीसाठी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. रागावल्या नाहीत, खरंच न कळल्यासारखं विचारलं, "मंग आयकाचं तरी काय होतं तुले?"

"तुमचाच आवाज, बाई," मी म्हटलं, आणि सगळ्या गावासमोर मला रडू फुटलं.