मंत्र्याने सभागृहात सांगितलेली आमची शाळा

मधल्या सुट्टीत आमच्या सहावीच्या बाई मोबाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. "मॅडम, हे बघा, किती छान बोललेत. तुमच्या गावाकडचेच ना हे?"

गावाकडचाच होता. नुसता गावाकडचा नव्हे, माझ्या वर्गातला. पहिलीपासून चौथीपर्यंत आम्ही एकाच खोलीत बसलो. आता तो शिक्षणखात्याचा मंत्री, आणि मी राजधानीच्या कडेला, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांमागे एका सरकारी शाळेची मुख्याध्यापिका.

सभागृहात शिक्षणाच्या खर्चावर चर्चा चालली होती. विरोधी बाकांवरच्या एका आमदाराने विचारलं होतं, नव्या वर्गखोल्यांचा निधी यंदा का कापला? साधा प्रश्न. मंत्री उठला, चष्मा काढून हातात धरला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "अध्यक्ष महोदय, इमारती शिकवत नाहीत, जिद्द शिकवते. मी सीमेवरच्या एका खेड्यात चिंचेच्या झाडाखाली शिकलो. आम्हाला ना भिंती होत्या, ना धड मास्तर. तरी आज मी इथं उभा आहे."

बाकं वाजली. प्रश्न विचारणारा आमदारसुद्धा खाली बसला. ज्याला भिंतीच मिळाल्या नाहीत, त्याला खोल्यांबद्दल कोण विचारणार?

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझी कानशिलं तापली होती.

आमच्या शाळेला भिंती होत्या. काळ्या दगडाच्या, चांगल्या जाडजूड, आणि वर मंगळुरी कौलं. सरकारने बांधलेली चार खोल्यांची शाळा. पुढे व्हरांडा, कडेला पाण्याचा हौद, एका खोलीत नकाशांचं कपाट. पुस्तकं फुकट मिळत. दुपारी गरम उप्पीट मिळे आणि या पठ्ठ्याच्या वडिलांची पिठाची गिरणी असूनही तो ताटली घेऊन रांगेत सगळ्यांच्या पुढे असे. चिंच होती, नाही असं नाही. ती मैदानाच्या टोकाला होती. उन्हाळ्यात कौलं तापली की आम्हीच गुरुजींच्या मागे लागायचो, "गुरुजी, आज बाहेर बसू या." गुरुजी हसून हो म्हणायचे. तेवढंच काय ते झाडाखालचं शिक्षण. ती मजा होती, गरिबी नव्हती.

आणि माझ्या शाळेत, ज्या वेळी तो हे बोलत होता त्याच वेळी, पाचवीचा वर्ग व्हरांड्यात बसला होता. तिसरी आणि चौथी एका खोलीत, पाठीला पाठ लावून. एकीकडे वजाबाकी, दुसरीकडे कविता. शेजारच्या कारखान्याचं यंत्र सुरू झालं की मी पाचवीला तोंडी काही शिकवायचंच नाही, फळ्यावर लिहायचं, असं ठरवून टाकलं होतं. आमची मुलं रायचूरची, कलबुर्गीची, ओडिशाची, बिहारची. त्यांचे आईबाप शिवणकारखान्यांत आणि गोदामांत. खोल्यांचा प्रस्ताव दरवर्षी वर जायचा आणि निधी नाही म्हणून परत यायचा. आता निधी नसण्यालाही अभिमानाचं कारण मिळालं होतं.

संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, इथेच सर्जापूर रोडवर एका उंच इमारतीत मुलीकडे राहतात. त्यांच्या नातवाने तो तुकडा त्यांना दाखवला होता.

"तू बघितलीस काय गं ते?"

"बघितलं, गुरुजी."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "धड मास्तर नव्हता म्हणालाय तो. मग मी कोण होतो?"

या माणसाने त्याला बाराखडी शिकवली. तो त-थ-द-ध सगळं एकच म्हणायचा. शाळा सुटल्यावर त्याला थांबवून, समोर आरसा धरून, जीभ कुठे लावायची ते दाखवलं. आज ज्या जिभेवर सभागृह बाकं वाजवतं, ती जीभ गुरुजींनी वळवली आहे. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

"आपण त्याला भेटून येऊ," गुरुजी म्हणाले. "चुकलं तर सांगायला नको? माझाच पोरगा आहे."

मी सरकारी नोकर. मंत्र्याच्या दारात परवानगीशिवाय जाणं म्हणजे विकतचं दुखणं. पण गुरुजींना एकटं कसं पाठवायचं? रविवारी सकाळी मी रिक्षा करून त्यांना घेऊन त्याच्या बंगल्यावर गेले. बाहेर हार घेतलेले, अर्ज घेतलेले, नुसतेच हात जोडून उभे असलेले लोक. त्याच्या सचिवाने "स्वल्प बसा, अक्का" म्हणून बाकावर बसवलं. पाऊण सकाळ गेली.

तो बाहेर आला आणि गुरुजींना बघताच खरोखर थबकला. त्याचा चेहरा क्षणभर दहा वर्षांच्या पोरासारखा झाला, हे मला मान्य करायला पाहिजे. तो धावत आला, सगळ्यांसमोर गुरुजींच्या पायावर डोकं ठेवलं. पण डोकं पायावर असतानाच फोटो काढणारा माणूस गुडघ्यावर बसला होता. "सर, इकडे बघा," तो गुरुजींना म्हणाला.

आत नेल्यावर आम्ही तिघंच उरलो. चहा आला. त्याने आमच्याशी मराठीत बोलायला सुरुवात केली, अगदी गावच्या हेलात.

"काय गुरुजी, तब्येत काय म्हणते?"

"तब्येत राहू दे," गुरुजी म्हणाले. "तू सभागृहात काय सांगितलास? आपली शाळा झाडाखाली होती म्हणून?"

तो हसला. "अहो गुरुजी, भाषणात तसं बोलावं लागतं. लोकांना भिडतं."

"भिडतं म्हणून खोटं बोलायचं?"

"खोटं कुठं? चिंच होती की."

"भिंतीही होत्या की रे," मी म्हणाले. इतका वेळ मी गप्प बसायचं ठरवलं होतं. "तू सरकारच्या खोलीत बसलास, सरकारचं उप्पीट खाल्लंस, सरकारने पगार दिलेल्या गुरुजींकडून शिकलास. तुझी जिद्द सरकारने जेवू घालून वाढवली. आणि आता आमच्या पोरांना सांगतोस, खोली कशाला पाहिजे, जिद्द ठेवा?"

"अगं, पैसा कुठून आणू? तुला आतलं माहीत नाही. मी मागतो, वरून कापतात."

"मग तेच सांग सभागृहात. मागितला होता, कापला, असं म्हण. तुझी अडचण आम्हाला कळेल. पण खोली नसणं चांगलं असतं, हे कशाला शिकवतोस?"

त्याने कप बाजूला सरकवला. मग पुढे वाकून हळू आवाजात म्हणाला, "तुझी शाळा बोम्मसंद्र्याला ना? तुला दोन खोल्या देतो. माझ्या अखत्यारीत करून टाकतो. झालं? आता हे विसर."

खोटं कशाला सांगू, मोह झाला. दोन खोल्या. पाचवी आत आली असती. तिसरी आणि चौथी वेगळी झाली असती. डोळ्यांसमोर मुलं सतरंज्या उचलून आत जाताना दिसली.

"दे," मी म्हणाले. "मला खोल्या पाहिजेतच. पण सभागृहात उभा राहून बोललास ते दुरुस्त कर."

"दोन्ही कसं मिळेल गं?" तो म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की मला आधी अर्थच लागला नाही.

गुरुजींना लागला. ते उठले. चहा तसाच राहिला, आणि त्या दोन खोल्याही. दाराशी जाऊन ते वळले आणि म्हणाले, "तुला हिशेब शिकवला, तो असा वापरशील असं वाटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी फोटो सगळीकडे फिरत होता. खाली लिहिलं होतं, 'झाडाखाली घडवणाऱ्या गुरूंच्या चरणी मंत्री.' आमच्या सहावीच्या बाईंनी तोही मला पाठवला. या वेळी मी त्यांना शेजारी बसवून सगळं सांगितलं. 

फोटोमुळे एक वाहिनी गुरुजींच्या घरी पोचली. त्यांना गुरुशिष्याची गोड गोष्ट हवी होती. गुरुजींनी शांतपणे, स्वच्छ कन्नडमध्ये सांगितलं, की शाळा दगडी होती, चार शिक्षक होते, सरकारने दिलेलं सगळं होतं, आणि म्हणूनच तो पोरगा शिकला. नवल म्हणजे वाहिनीने ते दाखवलं. मग सभागृहात त्याच आमदाराने पुन्हा विचारलं, मंत्रिमहोदय, तुमचे गुरुजी वेगळं सांगतात, त्याचं काय?

मी ते शाळेच्या ऑफिसात उभ्याने ऐकलं. मंत्री हात जोडून उठला. म्हणाला, "गुरुजी मला वडिलांच्या जागी आहेत. त्यांचं वय झालं आहे. या वयात आठवणींची सरमिसळ होते. त्यावर राजकारण करू नये, एवढीच विनंती." पुन्हा बाकं वाजली. आणि खोल्यांची तरतूद कापलेली तशीच्या तशी मंजूर झाली.

मला हे अजून सहन होत नाही. खोटं बोलला ते एक वेळ गिळता येईल. भाषणं अशीच असतात. पण ज्याने सगळं नीट आठवून, मोजूनमापून खरं सांगितलं, त्यालाच म्हातारचळ लागल्याचं जाहीर करून टाकायचं, तेही हात जोडून, वडिलांच्या जागी म्हणत! आपल्याकडे आदर हे किती धारदार हत्यार आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

गुरुजींना मी भेटायला गेले तेव्हा ते गॅलरीत बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मुलगी डॉक्टरकडं जाऊ या म्हणालीय. तपासून घेऊ म्हणते." पोटच्या मुलीलाही शंका आली होती. ते हसले, पण त्या दिवसानंतर ते माझ्याशी जुन्या शाळेविषयी आपण होऊन कधी बोललेले नाहीत. हे नुकसान कुठल्या अंदाजपत्रकात बसत नाही.

मला काय करता येणार होतं? मी पालकांची सभा बोलावली. मंत्र्याचं नाव काढलं नाही. कन्नड आणि मोडक्या हिंदीत एवढंच सांगितलं, की मी सरकारी शाळेत शिकले आणि तिथे प्रत्येक वर्गाला खोली होती. तुमच्या मुलांसाठीही ती मागायची आहे. मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. मागच्या रांगेतून शिवणकारखान्यात काम करणारी एक आई उठली आणि म्हणाली, "मॅडम, मग इतके दिवस आम्हाला कोणी सांगितलं का नाही?"

त्या बायका अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेल्या. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी पुढे झाले तर माझी बदली होईल म्हणून त्यांनीच मला मागे ठेवलं. साहेब चिडले, टाळत राहिले, शेवटी कंटाळले. एक खोली मंजूर झाली.

खोली बांधून झाली तेव्हा कंत्राटदाराची माणसं एक संगमरवरी फरशी घेऊन आली आणि दाराशेजारी बसवून गेली. 'माननीय मंत्रिमहोदयांच्या विशेष प्रयत्नांतून.' ती काढायचा अधिकार मला नाही. पाचवीचा वर्ग पहिल्यांदा आत बसला त्या दिवशी मी मुलांना ती फरशी मोठ्याने वाचायला लावली. मग विचारलं, "आता सांगा, ही खोली खरी कुणी आणली?" मुलं आधी गोंधळली. मग एकेक करून आपापल्या आयांची नावं सांगू लागली, आणि मी ती फळ्यावर लिहीत गेले, फळा भरेपर्यंत.

तिसरी आणि चौथी अजून पाठीला पाठ लावूनच बसतात.