साहेबांचं सिमकार्ड

आमचे साहेब वाईट बातमी स्वतःच्या तोंडाने कधीच सांगत नसत. करसल्लागाराच्या धंद्यात हे जमवणं सोपं नाही, कारण येणाऱ्या निम्म्या लोकांना काहीतरी वाईटच सांगायचं असतं. कर जास्त बसतोय, दंड पडलाय, नोटीस आलीय. साहेबांनी ते तीस वर्षं जमवलं. त्यातली शेवटची एकोणीस माझ्यामुळे.

पद्धत ठरलेली होती. लोणावळ्याचे एक चिक्कीवाले शेठ यायचे. साहेब उठून उभे राहायचे, चहा मागवायचे, गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते विचारायचे. मग "सुरेखाबाई, तुम्ही जरा शेठना कागद दाखवा" असं म्हणून मागच्या बेसिनवर हात धुवायला जायचे. दंडाचा आकडा मी सांगायचे. शेठ भडकायचे. आतून नळाचा आवाज येत राहायचा. शेठचा आवाज खाली आला की नळ बंद व्हायचा आणि साहेब हात पुसत बाहेर येऊन विचारायचे, "काय, झालं का समाधान?"

ऑफिस वडगावला, तहसील कचेरीच्या जवळ, एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. जिन्यात माणसं बोलली की वर ऐकू यायचं. "साहेब देवमाणूस हाय. बाई लय कडक." हे ऐकून साहेब खूश व्हायचे आणि मीही हसायचे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कुणीतरी कडक असावंच लागतं.

काम मात्र त्यांनी मला शिकवलं, आणि नीट शिकवलं, हे मान्य केलं पाहिजे. मी आले तेव्हा बी.कॉम. होते, मुलगी तीन वर्षांची होती आणि मला चलन कसं भरतात तेसुद्धा येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, "माणूस सांगेल ते ऐकायचं, पण लिहायचं पासबुकातलं. आणि पासबुक नेहमी मागून वाचायचं. शेवटचं पान खोटं बोलत नाही." आजही मी पासबुक मागूनच उघडते.

तिकोणा पेठेचे एक भाऊ आमच्याकडे होते. धरणाकाठी तंबू लावून पर्यटकांना राहायला द्यायचे. एका वर्षी त्यांनी धंद्याच्या खर्चात पुतणीच्या लग्नातल्या बँडचं बिल लावून आणलं.

"भाऊ, हा तंबूचा खर्च कसा काय?" मी विचारलं.

"आवो ताई, बारा गिऱ्हाईकं जेवून गेली लग्नात. नाचली बी. त्यांची करमणूक न्हाई का झाली?"

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग "सुरेखाबाई, भाऊंना जरा समजावा" म्हणून ते बेसिनकडे गेले. भाऊंना मी समजावलं. जाताना ते साहेबांच्या पाया पडले आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

मी हे सगळं का करत होते, तर एका वाक्यासाठी. दर दसऱ्याला ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा व्हायची. हार घालून झाला की साहेब म्हणायचे, "हे सगळं शेवटी तुमचंच आहे, सुरेखाबाई." त्यांचा मुलगा बंगळुरूला, मुलगी नाशिकला. दोघांनाही वडगावच्या ऑफिसात काडीचा रस नव्हता. मी पगारवाढ मागितली की हेच वाक्य यायचं, आणि मग पगारवाढीचं बोलणं मलाच क्षुद्र वाटायला लागायचं. लोणावळ्याच्या एका मोठ्या हॉटेलने मला हिशेब खात्याची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. दीडपट पगार, न्यायला-सोडायला गाडी. मी नाही म्हणून आले. आपलं ऑफिस सोडून दुसऱ्याचं कशाला सांभाळायचं, असा माझा विचार होता.

आता फोनबद्दल सांगते. रिटर्न ऑनलाइन भरायला लागले तसं प्रत्येकाच्या खात्याला मोबाइल नंबर द्यावा लागायला लागला. गिऱ्हाईकं गावोगावची. कुणाकडे रेंज नाही, कुणी नंबर सारखा बदलतो. म्हणून आमच्यासारख्या सगळ्याच छोट्या ऑफिसांनी केलं तेच साहेबांनी केलं: एक सिमकार्ड घेतलं आणि सहाशे गिऱ्हाइकांना तोच एक नंबर लावला. कुणाचंही खातं उघडायचं झालं की ओटीपी त्या नंबरवर येणार. सिम साहेबांच्या नावावर होतं, पण ते असायचं एका बटणांच्या फोनमध्ये आणि तो फोन माझ्या पर्समध्ये. सासऱ्यांच्या दहाव्याला नदीवर बसले असताना त्यावर ओटीपी आले आहेत. मुलीच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी मी तिच्या मार्कांआधी कामशेतच्या राइस मिलचा ओटीपी वाचला होता. आमचं ऑफिस म्हणजे टेबल, कपाटं, बोर्ड यातलं काहीच नव्हतं. तो नंबर म्हणजे ऑफिस.

एका महिन्याच्या वीस तारखेला, जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी, सकाळीच फोनची रेंज गेली. रिचार्ज संपलं असेल म्हणून मी स्टेशन रोडच्या दुकानात गेले. दुकानदाराने फोन उलटसुलट करून बघितला.

"ताई, रिचार्ज आहे. सिमच बंद झालंय. मालकाने डुप्लिकेट काढलं की जुनं असंच बंद पडतं."

"मालक आमचे साहेब आहेत. ते कशाला काढतील?"

"मग पोलिसांत जा. हल्ली असले लय प्रकार होतात."

सहाशे लोकांची खाती कुणा चोराच्या हातात गेली, असंच मला वाटलं. तिथूनच मी साहेबांना फोन लावला. ते आदल्या दिवशी मुलीकडे नाशिकला गेले होते.

"साहेब, आपलं सिम कुणीतरी काढलंय. मी पोलिसांत जाते, तुम्ही आधारची कॉपी पाठवा."

ते म्हणाले, "असं का? बघतो मी. तुम्ही घाबरू नका. आज जरा लवकर घरी जा, दगदग करू नका."

मी घरी गेले नाही. वीस तारखेला कोण घरी जातं? दुपारी पुण्याच्या एका फर्मची दोन माणसं जिना चढून आली. एकाच्या हातात नवा कोरा फोन होता. तो फोन टिंग टिंग वाजत होता आणि आमच्या गिऱ्हाइकांचे ओटीपी त्यावर येत होते. "तुम्हीच का सुरेखा मॅडम? सरांनी तुमचं खूप कौतुक केलंय," तो म्हणाला. "तुम्ही स्टाफ म्हणून कंटिन्यू कराल, असं बोलणं झालंय."

त्याच्याकडूनच कळलं, साहेबांनी त्या फर्मला ऑफिस विकून दोन महिने झाले होते. त्या दोन महिन्यांत साहेब रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होते. फोन माझ्या पर्समध्ये होता, तो मागितला असता तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून त्यांनी नाशिकला जायच्या आधी मोबाइल कंपनीच्या दुकानात जाऊन, सिम हरवलं असं सांगून दुसरं काढलं आणि या लोकांना दिलं. मला राग विकण्याचा आला, पण त्याहून जास्त या गोष्टीचा आला. आमच्याकडे वाईट बातमी सांगायचं काम माझं होतं. बातमी माझीच होती तेव्हा ती सांगायला ऑफिसात कुणी उरलंच नव्हतं.

मी त्याच दिवशी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. जीएसटीची राहिलेली अकरा रिटर्न त्या दोघांना समजावून दिली, कारण दंड गिऱ्हाइकांना पडला असता. पुढच्या महिन्यात सोमाटण्याला चौकाजवळ एक खोली भाड्याने घेतली. सहाशेंपैकी पहिल्या वर्षी माझ्याकडे चाळीस आले. माझ्याकडे नियम एकच: नंबर ज्याचा त्याचा. तंबूवाले भाऊ कुरकुरतात, "ताई, हितं रेंज न्हाई, टेकाडावर जातो मग सांगतो." जातात आणि सांगतात. काम सावकाश होतं, पण होतं.

दुसऱ्या वर्षी जुलैत साहेब स्वतः आले. वाळले होते. त्यांच्या स्वतःच्या खात्यालाही तोच नंबर होता, तो आता पुण्याला, आणि पुण्याचे लोक त्यांचा फोन उचलत नव्हते. त्यांचं रिटर्न अडलं होतं. आधारला त्यांचा घरचा मोबाइल होता, त्यावरून मी खातं उघडलं, तोच नंबर लावला, रिटर्न भरलं. पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात ते माझ्या मुलीची, नवऱ्याची, सासूबाईंची चौकशी करत होते.

मी विचारलं, "साहेब, मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला. "त्या लोकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, केवढ्याला देता. तुम्ही इतक्या वर्षांत कधी विचारलं नाहीत, सुरेखाबाई."

"तुम्ही माझंच आहे म्हणत होतात. आपल्याच वस्तूची किंमत कशी विचारायची?"

"म्हणत होतो. अगदी मनापासून म्हणत होतो."

ते खरं बोलत होते, हे मला कळत होतं. मनापासून म्हणत होते आणि विकतानाही कुणाचं वाईट चिंतत नव्हते. खोटारडा माणूस असता तर मी त्याला एव्हाना विसरले असते.

त्यांनी फी विचारली. मी इतरांना सांगते तीच सांगितली. मी "राहू द्या" म्हणेन म्हणून ते जरा थांबले. मी पावतीपुस्तक काढलं. पैसे देऊन ते उठले आणि दारात वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी जूनमध्येच येतो, म्हणजे तुम्हाला घाई नको."

"पुढच्या वर्षी येऊ नका, साहेब. मी तुमचं काम करणार नाही."

मी कागदावर तळेगावच्या एका करसल्लागाराचं नाव आणि पत्ता लिहून तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चष्म्याजवळ धरून वाचला.

"माणूस कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगला आहे," मी म्हणाले. "जे असेल ते तोंडावर सांगतो."