मोकळी सोडलेली ओळ

खरं बोलून माणसाचं नुकसान करावं, आणि तेही अगदी मन लावून, तर ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांनीच. नवी पेठेत साडीच्या दुकानावर आम्ही राहतो, आमच्यावर सर. जन्मभर कॉलेजात फ्रेंच शिकवलं, फ्रान्स मात्र पाहिलेलं नाही. तिकडं शिकून आलेल्यांच्या पदव्यांचं इंग्रजी भाषांतर करून देतात. पण आधी माणसाला समोर बसवून बारावीपासूनचं एकेक वर्ष वदवून घेणार, मग पदवीचं फ्रेंच नाव तसंच ठेवून खाली इंग्रजीत तिची सगळी कुळकथा लिहिणार. "पाहुण्याची ओळख करून द्यावी, नाव बदलू नये," म्हणतात. जेवायला बोलावलं तरी तेच. माझ्या बायकोनं श्रीखंड वाढलं, तर घास घ्यायच्या आधी विचारलं, "वहिनी, चक्का किती तास टांगला होता?" ती म्हणाली, चार. "मग याला अजून श्रीखंड म्हणता येत नाही," असं म्हणून तीन वाट्या संपवल्या.

माझी कुंभारी गावची भाची फ्रान्सला दोन वर्षांचं मास्टर करायला गेली आणि दाजी आजारी पडले म्हणून वर्षातच परतली. "माज्यापायी पोरीचं अर्धं ऱ्हायलं," दाजी सारखे म्हणायचे. पहिलं वर्ष पास झाल्याचा 'मेत्रीज' नावाचा कागद तेवढा तिच्याजवळ होता. इथल्या एका कॉलेजात जागा निघाली, पण मास्टर पाहिजे होतं. मी सरांना गळ घातली, "लिहा की मास्टर, हितं कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की. दोनांतलं एक झालंय," सर म्हणाले, आणि तसंच लिहिलं. जागा गेली. महिनाभर मी जिन्यात त्यांच्याकडं बघितलं नाही. लई राग आला होता, खोटं कशाला सांगू.

भाचीनं मात्र सरांनी लिहिलेला कागद पुन्हा काढून वाचला. पहिल्या वर्षाच्या ओळीखाली सरांनी एक ओळ मोकळी सोडली होती आणि सही तिच्याखाली केली होती. "मामा, त्यांनी दुसऱ्या वर्षाची जागा धरून ठेवलीय," ती म्हणाली. दाजी हिंडूफिरू लागल्यावर तिनं तिकडं पत्र टाकलं, आणि दुसऱ्या वर्षाला घेतलं तिला. निघाली त्या दिवशी सर शेंगाचटणीचा पुडा घेऊन स्टेशनवर हजर. पुड्यावर चटणीचं नाव तसंच, आणि खाली फ्रेंचमध्ये चार ओळींचा खुलासा.

परवा तिचा फोन आला, परीक्षा संपली. सांगायला वर गेलो, तर सर खिडकीशी भिंग धरून बसलेले. हल्ली त्यांना फारसं दिसत नाही, नवी कामं घेणं बंद केलंय.

"लवकर ये म्हणावं तिला," ते म्हणाले. "माझी एवढी एक ओळ लिहायची राहिलीय."

मी खाली आलो आणि तिला सांगितलं, मिळेल ते पहिलं तिकीट काढ.