बंद दारांना कुंकू

सोलापुरात नव्या कॉलनीत राहायला येऊन वर्ष झालं होतं आणि आईला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. कारण मी आहे, असं तिचं मत होतं. मी मान खाली घालून जायची, कुणी हाक मारली की चालायचा वेग वाढवायची. ‘इंग्रजी शाळेतली, शिष्ट आहे,’ असं बायका म्हणत. मी ते कधी खोडून काढलं नाही. घाबरट म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं होतं.

शाळेत भरल्या हॉलपुढे इंग्रजी कविता म्हणून मी बक्षीस घेतलं होतं. पण कविता म्हणताना मध्येच कुणी “बस की, चहा घेतेस?” असं विचारत नाही.

त्या चैत्रात आईनं आपणच हळदीकुंकू करायचं ठरवलं. आदल्या दिवशी माझ्या हातात कुंकवाचा करंडा दिला. “ऊन उतरलं की बावीस घरी सांगून ये. घर बंद असलं तर कडीला कुंकू लाव, म्हणजे आल्यावर कळतं त्यांना.”

शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. मी भर दुपारी दोनला निघाले. चैत्रातल्या सोलापुरात त्या वेळी एकही दार उघडं नसतं. एकही कडी न वाजवता मी अर्ध्या तासात बावीस दारांना कुंकू लावलं. एका घरातून घोरणं ऐकू येत होतं, तिथं जरा हलक्या हातानं लावलं. घरी येऊन म्हटलं, “झालं सगळं.”

दुसऱ्या दिवशी आईनं गौर सजवली, पातेलंभर आंब्याची डाळ केली, पन्हं गार करत ठेवलं. पाच वाजले, साडेपाच झाले. समोरच्या काकू तेवढ्या आल्या, पण दारातच उभ्या राहिल्या.

“वैनी, आमी घरात असताना दाराला कुंकू? झोपलो होतो, मेलो न्हवतो की! सगळ्यांच्याच दाराला हाय. कुणी येत न्हाय बगा.”

आईनं सतरंजीची सरळच असलेली कड पुन्हा सरळ केली. ते मला बघवेना. “मी जाते परत,” म्हटलं.

“जा की,” काकू म्हणाल्या. “आन् कडी वाजीव.”

पहिल्या घरापर्यंत मी एक वाक्य पाठ करत गेले. ते वापरायची वेळच आली नाही. रागावलेल्या माणसापुढे आपल्याला बोलावं लागत नाही, सगळं तेच बोलतं. लोक काय म्हणतील, या भीतीत माझं सगळं आयुष्य गेलं होतं. इथं ते म्हणून मोकळे झाले होते. वर “घामाघूम झालीस, पाणी पी,” हेही होतंच.

दहाव्या दारात मीच सुरुवात केली. “काकू, चुकलं. मला बोलायची भीती वाटते, म्हणून दुपारी आले.”

“भीती? आमची?” त्यांनी आत वळून जावेला हाक मारली. “ऐकलंस का गं? हिला आपली भीती वाटती म्हणं!” त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या घरात बहुधा दुसरं कुणी त्यांना भीत नसावं.

साडेसहाला सतरंजी भरली. बायका माझ्यादेखत माझ्याबद्दल बोलत होत्या. “शिष्ट न्हाय गं, नुस्ती भित्री हाय.” कुणीतरी वाटी पुढे केली. “ए भित्रे, डाळ आण अजून. आन् बस हितं.”

निघताना दहाव्या घरच्या काकू आईला म्हणाल्या, “मंगळवारी आमच्याकडं या. पोरीलाबी आणा.” आईनं माझ्याकडे न बघताच हो म्हटलं.

मंगळवारी पोट दुखतंय म्हणायचं, असं मी ठरवून टाकलं. पण त्या दिवशी ते सकाळपासून खरंच दुखायला लागलं, आणि खरं कारण सांगायची मला सवय नव्हती. गेले. काकूंनी माझा चेहरा बघून न विचारताच तळहातावर ओवा ठेवला आणि शेजारी बसवून घेतलं.