कोंडलेली हवा

ताईच्या जावयाचा फोन मुंबईच्या विमानतळावरून आला. "मावशी, आईंना हॉस्पिटलात नेतोय," एवढंच म्हणाला. बोईसरहून मी निघेपर्यंत त्याचा दुसरा फोन आला... माझी थोरली बहीण, वत्सलाताई, गेली होती. त्याला आता महिना होत आला.

ताई केळव्याची. नवऱ्यामागे पानवेलीची वाडी तिने एकटीने राखली, लेकीला शिकवलं. खोकला हटेना म्हणून छातीचे फोटो काढले, तेव्हा फुप्फुसात हवेचा एक बंद फुगा दिसला. तिकडे लेकीचं मस्कतला पहिलं बाळंतपण आलेलं. पालघरच्या डॉक्टरांनी मोठ्या सिरिंजमध्ये गाठ मारलेला इवलासा फुगा घातला, सिरिंजच्या तोंडावर बोट दाबलं आणि दट्ट्या मागे ओढला. आतला फुगा आमच्यादेखत मोठा झाला.

"विमान वर गेलं की त्यातल्या हवेचा दाब उतरतो. अंगाची ऊब तीच राहते, पण दाब कमी झाला की कोंडलेली हवा पसरते. तिनाचे चार होतात."

"आन् फुटला तर?" ताईने विचारलं.

डॉक्टरांनी दट्ट्या तसाच धरून ठेवला. "जाऊ नका," म्हणाले.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "पोरीला सासू नाय. मी नाय गेले तर तिचं हाय कोण?"

मीच सोबत गेले. विमान चढू लागलं तशी तिच्या मांडीवरची वेफर्सची पिशवी टम्म फुगली. ताई छातीवर तळवा ठेवून तिच्याकडे बघत राहिली.

"दुखतंय का गं?"

"नाय. तू ती पिशवी फोड आदी."

जाताना काही झालं नाही. नातीला तिने न्हाऊमाखू घातलं. माझी रजा संपली, मी एकटीच आधी परत निघाले. "येताना काय झालं नाय, मग जाताना काय होतंय?" असं म्हणाली खरी, पण माझा हात सोडेना. पुढे जावयासोबत परतताना, विमान वर पोचल्यावर तिने पाणी मागितलं... आणि मग श्वासच पुरेना.

डॉक्टर म्हणतात, असा फुगा घराण्यात असू शकतो. माझे फोटो स्वच्छ आले. तान्हीचा पासपोर्ट नव्हता म्हणून लेकीला तेव्हा येता आलं नाही. आता तिला यायचंय. मी तिला बजावलंय, छाती तपासल्याशिवाय विमानात पाऊल ठेवू नकोस.

केळव्याच्या घरात, मस्कतला निघण्याआधी, ताईने पाळणा टांगून ठेवला होता. नवी दोरी, धुतलेली गोधडी. वाडीला पाणी सोडायला जाते तेव्हा ती खोली मी झाडून घेते. पाळण्याला हात लावत नाही. लेकीचा रिपोर्ट अजून आलेला नाही.