एक जोड, चार पाय

चादरी धुण्याच्या कारखान्यात थोरलीची पंचवीस वर्षं गेली. तिथली फरशी कोरडी झालेली कुणी पाहिली नाही, म्हणून पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. जोड एकच, बायका दोघी. सकाळी थोरलीच्या पायांत, दुपारी दोनचा भोंगा झाला की तिच्या धाकट्या जावेच्या. धाकटी ते गरम गरमच चढवायची आणि म्हणायची, "जाऊबाईंनी जागा ऊबदार ठेवलीय."

थोरलीच्या बोटांच्या बेचक्यांत जुन्या चिखल्या. कातडी पांढरी पडलेली, भेगा, आणि खाज अशी की भर कामात बूट काढून बसावं. शेजारणींनी सांगितलेलं सगळं लावून झालं, तेव्हा कुठे ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि बजावलं, "ही बुरशी आहे. खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. पाय कोरडे ठेवा. आणि बूट कुणाला देऊ नका."

दहाव्या दिवशी खाज थांबली. गरज सरो नि वैद्य मरो, गोळ्या डब्यात गेल्या. बुटांचं तर तिने कुणापाशी काढलंच नाही. जन्मभर लोकांच्या चादरींवरचे डाग काढले, आता स्वतःचे पाय कुणापुढे उघडे करायचे?

खाज महिनाभराने परत आली. त्यानंतर धाकटी लंगडायला लागली. घरी सासूबाई म्हणाल्या, "पाय धुवायची सवय नको का माणसाला?" धाकटी बापडी घासणी घेऊन रोज पाय सोलायची, पार रक्त येईस्तोवर. थोरली शेजारीच कपड्यांच्या घड्या करत होती. एकच घडी तिने चारदा मोडली, चारदा घातली.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. धाकटीने बुटाला हात घातला आणि कळ येऊन थांबली.

"माझंच अंग घाण असेल," ती म्हणाली. "आई म्हणतात ते खरं असेल."

थोरलीने बूट मागे ओढले. "घालू नकोस. हे माझ्याकडून आलंय तुला. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं. मी सगळं गिळलं, गोळ्या सोडून."

धाकटी बघतच राहिली. "मी पाय सोलत होते, आणि तुम्ही बघत होतात?"

"हो."

"मग आईंना तुम्हीच सांगा."

सांगितलं. कारखान्यात साहेबांपुढे मोजे काढून थोरलीने दुसरा जोड मागितला. धाकटीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तिथे स्वतःही पोटभर बोलणी खाल्ली आणि औषध पहिल्यापासून सुरू केलं. आता जेवण झालं की धाकटी गोळी पुढे करते आणि घोट उतरेपर्यंत हलत नाही. "जीभ दाखवा," म्हणते. थोरली दाखवते.

नवे बूट आले. धाकटी ते गारच चढवते. ऊबदार जागेबद्दल मात्र ती पुन्हा कधी बोललेली नाही, आणि थोरली रोज दोन वाजता त्याच बोलण्याची वाट बघते.