सालमेलाबाईंचा अंगठा

आमच्या गावात किती बर्फ पडला ते रेडिओवर सांगतात, पण ते कुणी मनावर घेत नाही. सालमेलाबाई वाटेत अंगठा खुपसून काय म्हणतात, ते गाव ऐकतं.

व्हर्ना सालमेलांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. त्या बसमध्ये मी बारा वर्षं बसलो. आज मी पन्नाशी ओलांडलीय, गॅरेजात लोकांच्या सायकली दुरुस्त करतो, तरी बाईंना व्हर्ना म्हणायची माझी छाती होत नाही. मी ‘मिसेस सालमेला’च म्हणतो. माझं नाव रे, आणि त्या मला ‘रे’च म्हणतात, तेही मी काहीतरी सांडल्यासारखं.

निवृत्त झाल्यावर बायका विणकाम करतात, फ्लोरिडाला जातात. बाईंनी जंगलातली वाट घेतली. नऊ मैलांचं वेटोळं आहे, हेमलॉकच्या झाडीतून. बर्फ पडून थांबला की उजाडता उजाडता त्या बुटांखाली स्नोशू बांधतात आणि त्या रुंद जाळ्यांनी सगळी वाट तुडवतात, पावलाला पाऊल चिकटवून. मग रात्रभर वाट गोठू द्यायची. दुसऱ्या दिवशी तिच्यावरून फॅट बाइक जातात, पाच इंच रुंद टायरच्या. टायरमध्ये हवा इतकी कमी की बोटाने दाबला तर बोट आत जावं. एकदा आमच्या सायकल क्लबने वाट दाबायचं यंत्र घ्यायचं काढलं होतं. बाई बैठकीत एवढंच म्हणाल्या, “यंत्राला अंगठा असतो का?” विषय संपला.

कारण बाईंचा नियम अंगठ्याचा आहे. चाकाच्या चाकोरीत अंगठ्याचं पहिलं पेर बुडालं, तर सायकलवरून उतरायचं. दुसरा नियम त्याहून कडक. स्नोशूशिवाय वाटेवर पाय ठेवायचा नाही. बुटाने गुडघाभर खोल भोक पडतं, रात्री ते दगडासारखं गोठतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी पुढचं चाक त्यात जातं. मागून माणूसही जातो.

गॉर्डी ट्रेव्हर्थन हा क्लबचा अध्यक्ष आणि गावचा दातांचा डॉक्टर. अर्ध्या गावाच्या तोंडात हात घालणारा माणूस, पण त्यालाही बाईंनी चार वेळा घरी पाठवलंय. तो तोंड न उघडता गेला.

आता रुडीबद्दल. रुडी बाईंचा नवरा. जन्मभर सरकारी बर्फनांगराची गाडी चालवून रस्त्यावरचा बर्फ बाजूला केला, आणि सत्तरीत नवा गुडघा बसवून घेतल्यावर याच बर्फावर सायकल चालवायची म्हणून हटून बसला. फेब्रुवारीत क्लबची शर्यत असते, दोन वेटोळी. रुडी तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा अर्ध्यातून परत आला. पहिल्या वर्षी साखळी तुटली. दुसऱ्या वर्षी थंडीने पापण्या चिकटल्या. तिसऱ्या वर्षी वाटेत कुणाच्या तरी शेकोटीवर कॉफी प्यायला थांबला आणि गप्पांत शर्यत संपली.

यंदा त्याला कंपवात निघाला. शरद ऋतूतच हात हलायला लागले होते. तो माझ्याकडे ब्रेकची पकड मऊ करून घ्यायला आला आणि सरळ म्हणाला, “रे, पुढच्या वर्षी हँडल धरवणार नाही. एकदा ती शेवटची रेघ ओलांडायची आहे. शेवटून पहिला आलो तरी चालेल.”

मी ब्रेक करून दिला.

शर्यतीच्या दिवशी पाण्याचा बर्फ व्हायचा सोडून बर्फाचं पाणी व्हायला लागलं. दुपारी झाडांवरून थेंब गळत होते. वाट जिथे मोटाररस्ता ओलांडते, तिथे शेवटची चौकी. तिथून रेघ एक मैल. दोनपर्यंत जो चौकी ओलांडेल त्याला पुढे जाता येतं, बाकीच्यांना रस्त्याने घरी. चौकीवर सालमेलाबाई, आणि हाताखाली मी, निरोपांचा रेडिओ सांभाळायला. शर्यतीचा नियम एकच: स्पर्धकाला किंवा त्याच्या सायकलला कुणी हात लावायचा नाही. लावला की तो बाद.

सगळे गेले. पावणेदोनला झाडीतून रुडी आला. टोपी तिरकी, चेहरा लालभडक, मिशांतून पाणी गळतंय.

बाई वाकल्या. त्याच्या चाकोरीत अंगठा घातला. अख्खा अंगठा गेला, तळहात टेकला.

“उतर.”

“व्हर्ना, मैलभर राहिलंय.”

“मैल मला ठाऊक आहे. मीच तुडवलाय. उतर.”

“मी तुझा नवरा आहे गं.”

“म्हणून काय चाक उथळ जातं?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी रेडिओकडे बघत राहिलो.

रुडी उतरला. सायकल ढकलत न्यायला नियमाची आडकाठी नव्हती, ओझं नसलं की चाक रुतत नाही. पण पायी जायचं तर स्नोशू हवेत, आणि ते प्रत्येकाने पाठीवर बांधून आणायचे असतात. रुडीच्या पाठीवर पिशवी होती. पिशवीत सँडविच होतं.

“स्नोशू?” बाईंनी विचारलं.

“जड होतात म्हणून...”

बाई खाली बसल्या, आपले स्नोशू सोडले, दोन पावलांवर बर्फात टाकले आणि कोरड्या रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या.

“हे इथे पडलेले दिसतात,” त्या झाडांकडे बघत म्हणाल्या. “कुणाचे आहेत मला माहीत नाही. रे, तुला माहीत आहेत?”

“नाही, मिसेस सालमेला.”

रुडी बांधायला बसला. चार पट्टे होते. आम्ही कुणीही दहा सेकंदांत एक पट्टा बांधतो. रुडीची बोटं बकलपर्यंत जायची आणि भलतीकडेच निघायची. बाईंनी दोन्ही हात खिशात घातले होते आणि खिशांच्या आत मुठी वळलेल्या बाहेरून दिसत होत्या. तिसरा पट्टा सुटला, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. दोनला तीन मिनिटं असताना तो उठला, सायकल धरली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या वाटेला लागला.

पन्नासेक पावलांवर वळण आहे. वळणाशी तो थांबला, मग बसला. सायकल आडवी पडली. तो उठेना.

“मी जातो,” मी म्हणालो.

“तुझे स्नोशू?”

माझे घरी खिळ्याला टांगलेले होते. यावरून त्यांनी मला पुढे महिनाभर ऐकवलं, पण तेव्हा फक्त म्हणाल्या, “तुझं वजन दोनशे चाळीस पौंड आहे. तू इथेच थांब.”

आणि त्या गेल्या. साध्या बुटांनी, स्वतः तुडवलेल्या वाटेवर. पहिलंच पाऊल गुडघ्यापर्यंत आत गेलं. ते उपसलं, दुसरं टाकलं, तेही गेलं. आजवर त्या वाटेवर इतकी मोठी भोकं कुणी पाडली नव्हती. मला हसू आलं नाही. मला बसमधली ती बाई आठवेना, समोर एक घाबरलेली म्हातारी दिसत होती, आणि तिला हाक मारायची माझी हिंमत होत नव्हती.

त्या त्याच्याजवळ पोचल्या. हात लावला नाही. शेजारी बर्फात बसल्या. पाण्याच्या थेंबांखेरीज आवाज नव्हता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“गुडघा?” बाई.

“गुडघा बरा आहे. धाप लागली.”

“छातीत?”

“नाही गं. नुसती धाप.”

“मग सँडविच खा.”

त्याने अर्धं खाल्लं. उरलेलं बाईंपुढे धरलं. बाईंनी मानेनेच नको म्हटलं, ते घेणं हात लावण्यात मोडेल की काय याची त्यांना खात्री नव्हती. मग तो उठला, सायकल उचलली आणि चालू लागला. त्या मागून, सहा हात अंतर राखून, प्रत्येक पावलाला रुतत. मी ट्रक काढला आणि रस्त्याने रेघेपाशी जाऊन उभा राहिलो.

तास लागला. तंबू उतरवले होते, सूप संपलं होतं. गॉर्डी तेवढा घड्याळ घेऊन थांबला होता, आणि थांबल्याबद्दल मी त्याला माझ्या चार दाढा काढायची चूक माफ केली. रुडीने रेघ ओलांडली. गॉर्डीने वेळ लिहिली, अठ्ठेचाळिसावा, अठ्ठेचाळिसांपैकी.

मागून बाई आल्या. मांड्यांपर्यंत भिजलेल्या.

“गॉर्डी, वाट बंद कर. चौकीपासून इथपर्यंत भोकं पडलीत.”

“कुणी पाडली?”

“मी.”

गॉर्डीने वेळेखाली लिहिलं, वाट बंद.

रुडी लाकडाच्या ओंडक्यावर बसून स्नोशूचे पट्टे सोडायला बघत होता. बोटं पुन्हा भलतीकडे चालली होती. बाईंनी गॉर्डीला विचारलं, “याची शर्यत संपली ना? नक्की?”

“संपली, मिसेस सालमेला.”

तेव्हा त्या त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. चारही पट्टे सोडले, स्नोशू बाजूला ठेवले. मग त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि घट्ट धरून ठेवले. तरी ते हलतच होते.